खान्देशात पहिला चित्रपट करताय? भाषेच्या रकान्यापासून अनुदानाच्या अर्जापर्यंत

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आज कॅमेरा हाताळणारी मुलं गावोगाव सापडतात. अहिराणी गाणी यूट्यूबवर लाखोंनी पाहिली जातात, वरातीत वाजतात, सुरतेच्या उधना-लिंबायतच्या गल्ल्यांतही वाजतात. पण गाण्यावरून चित्रपटाकडे वळताना बहुतेकांचं गाडं एकाच जागी अडतं. कथा असते, कलाकार असतात, मित्र-नातेवाइकांकडून थोडाफार पैसाही उभा राहतो. शासनाकडे काय मागायचं, कुठल्या दारात मागायचं आणि कधी मागायचं, एवढंच कुणी सांगितलेलं नसतं. ते कळेपर्यंत चित्रपट पूर्ण झालेला असतो. अनुदानासाठी लागणारा कागद शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी करून ठेवायला हवा होता, हे मग कळून उपयोग नसतो.

महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला शासनाचं पाठबळ नवं नाही. राज्य चित्रपट पुरस्कार १९६० च्या दशकापासून दिले जातात, करमणूक कर परत देण्याची योजना १९७० च्या दशकात आली, आणि १९७७ मध्ये गोरेगावची चित्रनगरी उभी राहिली. या सगळ्याची रचना मुंबई-पुणे-कोल्हापूरच्या धंद्याकडे बघून झाली. खान्देशातल्या माणसाला तिथवर पोचायचं तर वाट थोडी लांबची आहे, पण वाट आहे. ती क्रमाने सांगतो.

आधी भाषा ठरवा

कथेच्याही आधी हा प्रश्न मिटवा, कारण पुढचे निम्मे निर्णय यावरच अवलंबून आहेत. तुमचा चित्रपट मराठी की अहिराणी?

आपल्याला वाटतं, अहिराणी म्हणजे मराठीचीच बोली, मग फरक काय पडतो? सरकारी दप्तरात फरक पडतो. जनगणनेत ‘खान्देशी’ ही मराठीच्या पोटात न धरता वेगळी भाषा म्हणून मोजली जाते. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे सुमारे १८.६ लाख लोक नोंदले गेले, आणि त्यातले बहुसंख्य अहिराणी सांगणारे होते. ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. म्हणजे केंद्राच्या हिशेबी ती अनुसूचीबाहेरची भाषा. राज्याची अर्थसहाय्य योजना मात्र आहे मराठी चित्रपटासाठी. सेन्सॉरच्या अर्जात भाषेचा एक रकाना असतो. तिथे तुम्ही जे लिहाल ते प्रमाणपत्रावर उमटतं, आणि पुढे प्रत्येक खिडकीवर तेच प्रमाणपत्र मागतात.

तीन मार्ग दिसतात. पहिला, प्रमाण मराठीत चित्रपट करायचा आणि पात्रांच्या बोलण्यात खान्देशी लहेजा, म्हणी, चार-दोन संवाद अहिराणी ठेवायचे. याला राज्याच्या योजनेचं दार सरळ उघडं आहे. दुसरा, सगळा चित्रपट अहिराणीत करायचा आणि प्रमाणपत्रही अहिराणीचं घ्यायचं. त्याला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत अनुसूचीबाहेरच्या भाषांतल्या चित्रपटांसाठी असलेला वेगळा विभाग मिळतो. मराठीच्या विभागातली स्पर्धा किती तगडी असते हे बघितलं, तर ही संधी लहान नाही. तिसरा मार्ग मिश्र. घरात, शेतात अहिराणी. शाळेत, कचेरीत मराठी. खरं सांगायचं तर खान्देशातलं रोजचं बोलणं असंच चालतं आणि पडद्यावर तेच सगळ्यात खरं वाटतं. पण गोंधळ होतो तोही इथेच.

मिश्र चित्रपट करणार असाल तर शूटिंगच्या आधी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाला लेखी पत्र द्या. महामंडळाचं कार्यालय गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीतच आहे. पत्रात संहितेतल्या संवादांपैकी अंदाजे किती मराठीत, किती अहिराणीत, हे लिहा. भाषेच्या रकान्यात आपण काय लिहिणार आहोत ते सांगा आणि त्यावर अर्थसहाय्य योजना लागू होईल का, एवढाच प्रश्न विचारा. उत्तर लेखी घ्या. फोनवरचं ‘होईल हो’ फाइलला लावता येत नाही.

आणखी एक. खान्देश म्हणजे फक्त अहिराणी नव्हे. यावल-रावेरकडे लेवा गणबोली आहे, जामनेर-भुसावळच्या पट्ट्यात तावडी आहे, सातपुड्यात भिली आणि पावरी आहे. बहिणाबाई चौधरींची कविता आसोद्याच्या लेवा बोलीतली आहे, तिला सरसकट अहिराणी म्हणू नये. पात्र कुठल्या गावचं, कुठल्या घरातलं, ते ठरवून त्या गावच्या माणसाकडून संवाद तपासून घ्या. शिरपूरची आजी आणि रावेरची आजी एकसारखी बोलली, तर पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षक तुटतो. त्याला अनुदान भरून काढू शकत नाही.

बॅनर, खातं, हक्क

बॅनर म्हणजे चित्रपट काढणारी संस्था. ती एकल मालकीची, भागीदारीची की प्रायव्हेट लिमिटेड, ते सीएला विचारून ठरवा. चित्रपटासाठी वेगळं चालू खातं उघडा आणि घरचा पैसासुद्धा त्याच खात्यातून फिरवा. लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाइन, मोफत होते. शीर्षक निर्मात्यांच्या संघटनेकडे नोंदवा. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ कोल्हापूरचं. हे आणि सरकारी महामंडळ वेगवेगळं आहे. नवखी मंडळी हमखास एकाचं पत्र दुसऱ्याला पाठवतात.

हक्कांबाबत मात्र थांबून वाचा. गावातल्या शिक्षकाची कथा घेतली, दोघांनी चहाच्या टपरीवर हात मिळवले, झालं, असं चालत नाही. कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पाच वर्षांनी चित्रपट ओटीटीला विकायची वेळ आली की कथा पुन्हा लेखकाची झालेली असते. म्हणून मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहा, आणि लेखकाला योग्य मोबदला द्या. कवी-संगीतकारांना २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीचा हक्क आहे, तो ‘सोडून दिला’ असं कुणाकडून लिहून घेऊ नका.

लोकगीतांचा प्रश्न खान्देशात हटकून येतो. कानबाईची गाणी, आखाजीची गाणी, वहीगायन हे पारंपरिक आहे, शब्द सगळ्यांचे. पण कुणाच्या अल्बममधलं रेकॉर्डिंग उचललं तर ते त्या कंपनीचं. म्हणून गावातल्या बायांकडून गाणं नव्याने गाऊन घ्या, त्यांचं मानधन द्या, श्रेयनामावलीत नाव घाला, संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घ्या. बहिणाबाईंच्या कविता त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. मरणोत्तर प्रकाशनापासूनची ६० वर्षांची मुदत २०१२ अखेर संपली, त्यामुळे त्या पुस्तकातले शब्द आता खुले आहेत. त्यांना नंतर कुणी दिलेली चाल मात्र त्या संगीतकाराची आहे.

बजेटमध्ये अनुदान धरू नका

राज्याच्या दर्जेदार मराठी चित्रपट अर्थसहाय्य योजनेत अनेक वर्षं ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये असं गणित राहिलं. रक्कम आणि निकष शासन निर्णयाने बदलतात, म्हणून शासनाच्या संकेतस्थळावरून सांस्कृतिक कार्य विभागाचा शेवटचा जीआर काढून स्वतः वाचा. कुणी व्हॉट्सअॅपवर टाकलेला कागद प्रमाण मानू नका.

यातली गोष्ट अशी, की हा पैसा चित्रपट पूर्ण झाल्यावर, सेन्सॉर झाल्यावर, परीक्षण समितीने पाहून गुण दिल्यावर मिळतो. आधी हप्ता नाही. सावकाराला ‘अनुदान आलं की देतो’ सांगून सुरू केलेले चित्रपट व्याजात बुडतात. बजेट असं बांधा की अनुदान आलंच नाही तरी कुणाचं शेत जाणार नाही. आलं तर ते पुढच्या चित्रपटाचं भांडवल.

तुम्हाला चित्रपट करण्याऐवजी संकलन किंवा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ टाकायचा असेल, तर चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा व्यवसायाचा प्रकल्प २० लाखांपर्यंत धरतात. ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग यांना ३५ टक्के अनुदान असतं, बाकीचं बँकेचं कर्ज. चोपडा, शहादा, अमळनेर अशा गावी एक नीट ध्वनिरोधक खोली झाली तर डबिंगसाठी मुंबईची खेप वाचेल. मला हे स्वतंत्र चित्रपटाइतकंच मोलाचं वाटतं.

परवानग्या: जागा एक, दारं अनेक

शूटिंगच्या परवानग्यांसाठी राज्याचा फिल्म सेल आहे आणि त्याच्या पोर्टलवर एक खिडकी पद्धतीने अर्ज करता येतो. अर्ज तिथे कराच. पण तालुक्याच्या पातळीवर तुमचा चेहरा कुणाला तरी माहीत असला पाहिजे, म्हणून पोर्टलवरच्या अर्जाची प्रत घेऊन तहसील, पोलीस ठाणे आणि ग्रामपंचायत या तिन्ही ठिकाणी स्वतः जा.

जागा निवडताना ती कुणाच्या ताब्यात आहे हे रेकीतच, म्हणजे जागांच्या आधीच्या पाहणीतच शोधायचं. पितळखोऱ्याचं उदाहरण घ्या. आपण चाळीसगावहून जातो, म्हणून ते जळगाव जिल्ह्यातलं वाटतं. प्रत्यक्षात लेणी कन्नड तालुक्यात, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतात. म्हणजे जिल्हाधिकारी वेगळे. लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत, त्यामुळे चित्रीकरणाची परवानगी त्यांच्या मंडळ कार्यालयाची, आगाऊ अर्ज आणि शुल्कासह. आणि आजूबाजूचं रान गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, म्हणजे तिसरं खातं वन्यजीव विभागाचं. एका धबधब्याच्या शॉटसाठी तीन फायली. हेच दृश्य लळिंगच्या पायथ्याला किंवा एखाद्या खासगी मळ्यालगतच्या नाल्यावर घेता येतं का, ते दिग्दर्शकाला रेकीतच विचारा. कधी कधी पितळखोरंच हवं असतं. मग दोन महिने आधी फायली हलवा.

पालचा परिसर यावल अभयारण्याला लागून आहे, तिथेही वन्यजीव विभाग. तोरणमाळला वनखात्याशी आधी बोला.

अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात जाणार असाल तर आणखी एक गोष्ट. तो अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे, तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे आणि ग्रामसभेला मान आहे. काठी गावची आदिवासी होळी चित्रित करायची इच्छा प्रत्येकाला होते. पण ती त्यांची पूजा आहे. गावाला विचारल्याशिवाय, काय दाखवणार हे सांगितल्याशिवाय कॅमेरा काढू नका. मोरखी, बुध्या, बावा अशी होळीची सोंगं घेतलेल्या माणसांनी त्यासाठी दिवसदिवस व्रत पाळलेलं असतं. त्यांना उभं करून ‘परत एकदा नाचा’ म्हणणं ही बेअदबी आहे.

रेल्वेचा सीन खान्देशी कथेत येतोच, कारण इथला निम्मा तरुण गाडी पकडून बाहेर गेलेला असतो. भुसावळ मध्य रेल्वेत, नंदुरबार-दोंडाईचा-अमळनेरची ताप्ती लाइन पश्चिम रेल्वेत. पत्र चुकीच्या रेल्वेला गेलं की ते परत यायलाच पंधरा दिवस लागतात. एसटी बस हवी असेल तर धुळे किंवा जळगावच्या विभाग नियंत्रकांकडे जा.

*लहान मुलं.* गावच्या गोष्टीत मुलं असणारच. १४ वर्षांखालच्या मुलाला घेताना ज्या जिल्ह्यात शूटिंग, त्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांच्या पुढे नाही. त्याच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावावर बँकेत ठेवायचा. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती ठेवायची. शिक्षणात खंड पडू द्यायचा नाही. ही जाचक अट मानू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो, त्या उन्हात मुलाला दिवसभर उभं करणारा निर्माता मला तरी नको आहे.

*जनावरं.* सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा असो की दारातली शेळी, पडद्यावर मुद्दाम काम करवून घेणार असाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी घ्या. पशुवैद्याचा दाखला, मालकाचं संमतीपत्र, सीनचं वर्णन लागतं. शूटिंगनंतर मंडळाचं ना हरकत प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय सेन्सॉरची फाइल पुढे सरकत नाही. नव्या निर्मात्यांचे सगळ्यात जास्त महिने इथे जातात, कारण सेन्सॉरने विचारल्यावर त्यांना हे आठवतं.

*ड्रोन.* केळीच्या बागांवरून, तापीच्या पात्रावरून शॉट घ्यायचा मोह होतो. ड्रोन नियम २०२१ नुसार डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन नकाशावर जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात आहे ते बघा. जळगाव विमानतळाच्या आसपास विशेष काळजी घ्या. व्यावसायिक कामाला परवानाधारक चालकच लावा, आणि ड्रोनचा नोंदणी क्रमांक फाइलला ठेवा.

रोजचा कागद

आता ती फाइल, जिच्यावर शेवटी सगळं ठरतं. शूटिंगच्या धावपळीत स्पॉटदादा, जनरेटरवाला, जेवणाच्या बाया यांना रोख पैसे दिले जातात आणि रात्री कुणाच्या तरी वहीत ‘जेवण – ६,५००’ एवढं लिहिलं जातं. सनदी लेखापालासमोर या ओळीला किंमत नाही. हेच व्हाउचर असं असायला हवं: तारीख, ठिकाण (गाव, तालुका), सीन क्रमांक, ‘युनिटचं दुपारचं जेवण, ६५ ताटं, शेवभाजी व कळण्याची भाकरी, दर १०० प्रमाणे’, अंकी आणि अक्षरी रक्कम, बचत गटाचं नाव, घेणाऱ्या ताईंची सही, मोबाइल क्रमांक, खाली प्रॉडक्शन मॅनेजरची सही. शक्य तिथे पैसे गटाच्या खात्यावरच टाका. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्या ताईंच्या गटालाही आपल्या हिशोबात ते दाखवता येतं.

रोजचा शूटिंग अहवाल ठेवा. कॉल टाइम किती, पहिला शॉट किती वाजता, कोण हजर, किती सीन झाले, पॅकअप कधी. ज्युनियर आर्टिस्ट म्हणून गावकरी उभे केले असतील तर संमतीपत्रं घ्या. कलाकार आणि तंत्रज्ञांचे करार, टीडीएस कापला असेल तर त्याची पावती, भाड्याची बिलं हे सगळं महिन्याच्या महिन्याला सीएकडे द्या. वर्षाअखेरीस पोतंभर कागद नेऊन टाकलात तर तोही वैतागेल आणि निम्मे खर्च अंगावर पडतील.

सेन्सॉर

यूट्यूबवर किंवा ओटीटीवरच दाखवणार असाल तर सेन्सॉर प्रमाणपत्राची सक्ती नाही. थिएटर, गावातला जाहीर खेळ, राज्याचं अर्थसहाय्य, यांतलं काहीही हवं असेल तर ते घ्याच. अर्ज केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवर होतो. आपल्याला मुंबईचं प्रादेशिक कार्यालय.

२०२३ च्या कायदा दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर ‘यूए’ प्रमाणपत्राचे (लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचा चित्रपट) तीन भाग झाले: ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदतही गेली, आता ते कायमचं चालतं. जुने लेख वाचून तयारी करू नका.

अर्जासोबत कथासार, पूर्ण श्रेयनामावली आणि गाण्यांचे सगळे शब्द जातात. अहिराणी गाणी आणि संवादांचा नीट अनुवाद जोडा. आपल्याकडे सहज, प्रेमाने दिली जाणारी शिवी समितीतल्या परक्या कानाला जड वाटू शकते. अनुवादासोबत ती कोण कुणाला, कुठल्या नात्यात बोलतंय याचं एका ओळीचं स्पष्टीकरण द्या. त्याने कट वाचतात.

तंबाखू-बिडीचा मुद्दा विसरू नका. पारावर बसलेला म्हातारा तंबाखू मळताना दिसला, की चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यांतरानंतर आरोग्यविषयक ३० सेकंदांच्या चित्रफिती, २० सेकंदांची सूचना आणि त्या दृश्यात खाली स्थिर इशारा येणारच. कंपनीची पुडी दिसता कामा नये. त्या दृश्याने गोष्टीला काही मिळत नसेल, तर म्हाताऱ्याच्या हातात सुपारी-अडकित्ता द्या.

राष्ट्रीय पुरस्कार किंवा इफ्फीला (गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) पाठवायचा विचार असेल तर १ जानेवारी २०२५ पासून कर्णबधिरांसाठी पडद्यावर लिहून येणारे संवाद (क्लोज्ड कॅप्शन) आणि दृष्टिहीनांसाठी ध्वनिवर्णन आवश्यक केलं आहे. डबिंगच्या वेळीच हे करून घेतलं तर खर्च कमी लागतो.

अर्ज आणि पुरस्कार

सेन्सॉर प्रमाणपत्र हातात पडलं की अर्थसहाय्याचा अर्ज लगेच करा, मुदतीची वाट पाहू नका. परीक्षण समिती चित्रपट पाहते आणि कथा, दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, अभिनय असा सगळा विचार करून गुण देते. खान्देशातल्या चित्रपटांचे गुण ध्वनीत जातात असं माझं निरीक्षण आहे. चेहरे अस्सल असतात, जागा अस्सल असतात, पण आवाज घुमतो, वाऱ्याचा फरफराट येतो. बजेट कापायचंच असेल तर कॅमेऱ्याच्या भाड्यात कापा; ध्वनिमुद्रकाचा दिवस कापू नका.

राज्य चित्रपट पुरस्कारांची प्रवेशिकाही भरा. तिथे पहिल्या चित्रपटासाठी आणि ग्रामीण, सामाजिक प्रश्नांवरच्या चित्रपटांसाठी वेगळे पुरस्कार आहेत, आणि नवख्याने लाजायचं काही कारण नाही. केंद्राच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे (एनएफडीसी) पदार्पण करणाऱ्या दिग्दर्शकांसाठी निर्मिती सहाय्य असतं. ते संहितेच्या टप्प्यावरच मागायचं असतं, म्हणून त्यांच्या जाहिराती वर्षभर बघत राहा. गोव्यात नोव्हेंबरमध्ये इफ्फीबरोबर भरणाऱ्या फिल्म बाजारात संहिता घेऊन जाता येतं.

पडद्यापर्यंत

मराठी चित्रपटाला थिएटर मिळावं म्हणून २०१५ मध्ये राज्याने मल्टिप्लेक्समधल्या प्राइम टाइमच्या खेळाचा आग्रह धरला. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्याला सकाळचा एखादा खेळ मिळाला तरी वितरक खूश असतो. म्हणून खान्देशी चित्रपटाने आपला प्रेक्षक कुठे राहतो हे आधी ओळखावं. जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा हे झालंच. पण सुरत, नाशिकचं सातपूर-सिडको, चाकण, कल्याण-डोंबिवली इथे आपली माणसं मोठ्या संख्येने आहेत. सुरतेत रविवारचे दोन खेळ भरले तर तालुक्याच्या गावातल्या आठवड्याइतका गल्ला होऊ शकतो.

तिकिटाचा दर ठरवताना कर बघा. १ जुलै २०१७ ला करमणूक कर जीएसटीत गेला आणि मराठी चित्रपटाची जुनी करमाफीही त्याबरोबर गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के, त्यावरच्याला १८ टक्के. तालुक्याच्या थिएटरात दर १०० च्या आतच ठेवा.

तंबू थिएटर, शाळेचं पटांगण, यात्रेचा माळ अशा ठिकाणी खेळ लावायचा असेल तर महाराष्ट्र सिनेमा (विनियमन) कायद्याखाली जिल्हादंडाधिकाऱ्यांची तात्पुरती परवानगी लागते. अग्निशमन, वीजजोडणी, बाहेर पडायच्या वाटा यांची तपासणी होते. यात्रेच्या आदल्या आठवड्यात जाऊन काही होत नाही, महिनाभर आधी अर्ज द्या.

अहिराणीसाठी मागणी

शेवटची पायरी चित्रपट पूर्ण झाल्यावरची आहे, आणि ती तुमच्या नंतर येणाऱ्यांसाठी आहे.

कर्नाटकाने तुळू, कोडवा, कोकणी, बंजारा या भाषांतल्या चित्रपटांसाठी अनुदानात वेगळी जागा ठेवली. उत्तर प्रदेशाने २०१८ च्या चित्रपट धोरणात अवधी, ब्रज, बुंदेली, भोजपुरी चित्रपटांना खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं, जेव्हा हिंदीला ते २५ टक्के होतं. छोट्या भाषेचा बाजार छोटा असतो, म्हणून तिला आधार जास्त हवा, असा साधा हिशोब त्यामागे आहे. आपल्या राज्याच्या शासन निर्णयात अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी यांची नावं स्पष्ट यावीत, ‘मराठी आणि महाराष्ट्रातल्या बोली’ असा शब्दप्रयोग यावा, ही मागणी आपणच करायची आहे.

नुसती निवेदनं फोटोपुरती होतात. फाइल करून द्या: तुमच्या चित्रपटाचं सेन्सॉर प्रमाणपत्र, सीएचा खर्चाचा दाखला, किती स्थानिक लोकांना किती दिवस काम मिळालं याचा तक्ता, थिएटरचा डीसीआर (रोजच्या गल्ल्याचा अहवाल), आणि भाषेच्या रकान्यामुळे अडचण आली असेल तर त्या पत्रव्यवहाराच्या प्रती. ती आपल्या आमदारांना अधिवेशनाच्या आधी द्या, म्हणजे तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं) टाकता येतो. एक प्रत सांस्कृतिक कार्य विभागाच्या सचिवांना, एक महामंडळाच्या व्यवस्थापकीय संचालकांना. पोच घ्या, आवक क्रमांक लिहून घ्या, आणि महिन्याने त्याच क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र पाठवा.